रकाना सतरा

आधी झेरॉक्सवर भरा, पेन्सिलीनं.
मूळ अर्ज पिशवीतच राहू दे,
त्याला अजून चहाचा डाग माहीत नाही.
असं मी सगळ्यांनाच सांगते
सीपीआरसमोरच्या माझ्या साडेचार फुटी दुकानात,
जिथं एका अर्जाचे वीस रुपये
आणि खाडाखोड झाली तर जादा काही नाही,
फक्त माझी बोलणी खावी लागतात.

इलाही मुल्लाणी आले ते सोमवारी,
उद्यमनगरातल्या भट्ट्या थंड असतात त्या दिवशी.
जागा पंप ऑपरेटरची, पाणीपुरवठ्यात.
"काय लिवायचं ते लिवा ताई, फकस्त चांगलं लिवा."

चांगलं म्हणजे काय, ते बावीस वर्षांत
मला एवढंच कळलंय:
अक्षराचं शेपूट चौकटीबाहेर जाता कामा नये,
शाळेच्या दाखल्यावरचं नाव तेच तुमचं नाव,
आईनं कुठल्याही नावानं हाक मारलेली असो,
आणि रकाना रिकामा सोडायचा नाही.
रिकाम्या रकान्यात दुसरंच कुणीतरी येऊन बसतं.
नसेल तर लिहायचं, लागू नाही.

दाखल्यावर मुल्लानी, आधारवर मुलाणी,
रेशनकार्डावर नुसतेच इलाही बाबालाल.
तिघांना एका ओळीत उभं केलं मी.
प्रतिज्ञापत्राला पैसे जातील म्हटलं.
"जाऊ द्यात. तिघांत वाटून घीन."

अनुभव?
"हेल्पर लिवा."
करत काय होता?
साचे भरायचे. वाळू मुठीत दाबून बघायची,
मूठ उघडली की बोटं उमटली पाहिजेत
आणि मोडताना कड सरळ तुटली पाहिजे.
किती वर्षं?
एकोणीस.
मग हेल्पर कसले. मी लिहिलं, मोल्डर,
आणि ते वाचायला त्यांनी
अख्खी मान डावीकडे वळवली.

चौदा महिन्यांच्या खंडाचं कारण
मी अजून विचारलंच नव्हतं.
रस उडालेला, ओतताना.
दवाखाना मालकानं केला,
उरलेलं ह्यांनी कुणाला सांगितलं नाही.
पुढं दुसऱ्या फौंड्रीत लागले,
चहाचा कप ठेवण्याआधी
टेबल चाचपून बघायचे, एवढंच.

रकाना सतरा. दिव्यांग असल्यास टक्केवारी.
"लागू नाही लिवा."

पेन्सिल थांबली.
एका डोळ्याचे तीस धरतात,
सवलत चाळीसपासून.
खरं लिहून पदरात काही पडायचं नाही,
कदाचित आहे तेही जाईल.
खोटं लिहिलं तर तपासणीला
भिंतीवरची अक्षरं आहेतच,
उजवा झाका, आता वाचा.
मी हिशेब मोठ्यानं मांडला
आणि पंख्याचा वेग उगाच एकनं वाढवला.

बराच वेळ ते तळहात बघत बसले.
"वाळू लई ओली असली,
आन् आपण बरी हाय म्हणालो,
की कास्टिंगला भोकं पडत्यात."
मग म्हणाले, "लिवा तीस.
पण आकडा जरा बारीक काढा."
जमायचं नाही, म्हटलं,
सगळे आकडे एकाच उंचीचे लागतात.

सही तेवढी ज्याची त्यानं करायची.
जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सात वेळा केली,
पेन कागदाला कधी टेकलं
ते त्यांना जरा उशिरा कळायचं.
आठव्यांदा मी चौकटीच्या तळाला पट्टी धरली.
बसली. मुल्लानी, दाखल्यातल्या न सकट.

वीस रुपये दिले, उठले, पुन्हा बसले.
"ही पेन्सिलची पण न्हेऊ?
पोरीला दावतो. मोल्डर लिवलंय."
न्या की.
"खोडरबर हाय?"

मान वळवून, हळू,
कागद फाटणार नाही अशा बेतानं
त्यांनी सतरावा रकाना पुसला,
वरची भुकटी फुंकली,
आणि तो तसाच ठेवला.
मी पुढच्या माणसाला म्हटलं,
या, आधी झेरॉक्स काढू.