एतेरीची गाडी

कुताइसीत, नदीकाठच्या आमच्या पाच मजली इमारतीच्या आवारात
रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी
एतेरीची गाडी पुन्हा बोंबलली.
चोर नव्हता. वाराही नव्हता.
तळमजल्यावरच्या शाल्वाने खिडकी उघडून
देवाला, सरकारला आणि जपानला
एका दमात शिव्या घातल्या.
गाडी जपानहून आलेली, सेकंडहँड, स्टिअरिंग उजवीकडे;
इथे ती बाजू चुकीची.

मी टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं काढली.
लायनीतली खरखर जिथे ऐकू येते
तिथे दोष कधीच नसतो, एवढं शिकलोय.
सकाळी टेस्टर घेऊन उतरलो,
पायात घरातल्याच सपाता.

आधी बॅटरी. बारा पॉइंट सहा. ठणठणीत.
मग धक्क्याचा सेन्सर: स्क्रू दीड आटा मागे घेतला,
काचेवर टिचकी मारली, टायरला लाथ.
गप्प.
रात्री तीन पस्तीसला शाल्वा पुन्हा खिडकीत.

रिमोटचा सेल बदलला.
चारही दारांचे स्विच रॉकेलने पुसले.
आतल्या सेन्सरच्या जाळीत एक कोळी सापडला,
राईएवढा, आणि सगळ्या आवाराला हायसं वाटलं.
मुलांनी त्याच्यावर खटला चालवून
त्याला काडेपेटीत डांबलं.
त्या रात्री दोनदा वाजली.
साप साप म्हणून भुई धोपटत होतो.

एतेरी वर गॅलरीत उभी असायची, अंगावर नवऱ्याचा कोट.
तिला गाडी चालवता येत नाही.
ओतार गेल्याला फेब्रुवारीत वर्ष झालं.
विकायची म्हणून एक गिऱ्हाईक
बोनेट उघडून, दणकन आपटून गेलं होतं.
"कधी?"
"मागच्या मंगळवारी."
मग हे आधी नाही का सांगायचं, बाई?
"तू बॅटरीचं विचारलंस. गिऱ्हाइकाचं नाही."

बोनेट उघडलं.
कडेला बोटाच्या पेराएवढा स्विच, दांडा झिजून आखूड:
बोनेट बंद असलं तरी त्याला वाटायचं, उघडंय.
रात्री पत्रा गारठून केसभर हलला की बोंब.
आणि बरोब्बर त्याच्या वर, पत्र्याच्या आतल्या अंगाला
डिंकाचा पिवळा गोल डाग.

अर्धा तास शोधलं. बॅटरीखाली, गंजाच्या भुकटीत,
सरबताच्या बाटलीचं हिरवं झाकण.
दांडा जेवढा झिजला
तेवढ्याच जाडीचं, कानशीने घासून आणलेलं.

एतेरी खाली आली. झाकण तळहातावर घेतलं.
"म्हणजे ही आधीपासूनच बिघडलेली?"
"असेल. चार-पाच वर्षं."
"मला कधी बोलला नाही."
मग जरा वेळाने, "बोलायचा तरी कशाबद्दल, म्हणा."

झाकण परत चिकटवलं. शाल्वाने
सहा रात्रींच्या झोपेची भरपाई म्हणून
वाइनचा एक घडा मागितला. मिळाला.

तिसऱ्या दिवशी तिने मला वर बोलावलं.
गुडघ्यांवर बसून, टॉर्च घेऊन ती घर तपासत होती:
कपाटाच्या पायाखाली बसच्या तिकिटाची घडी,
खिडकीच्या फटीत आगकाडी,
घड्याळाच्या पाठीला चिकटपट्टी.
"या दिव्याची वायर बघ."
मी पेचकस काढला.
"नको. नुसती बघ."
बघितली.
जोड चुकीचा होता. दिवा लागत होता.

शनिवारी गिऱ्हाईक आलं, तेव्हा
तिने दोनशे लारी वाढवून मागितले.
त्याने विचारलं, का?
तिने बोनेट उघडून झाकण दाखवलं.
तो वाकून बघत राहिला, त्याला काही कळलं नाही,
आणि हात वर करून त्याने बोनेट धरलं.

हळू लाव, ती म्हणाली.