इतिवृत्तात न आलेलं

वार्षिक सभा. मुलुंड पूर्व, शाळेचा तळमजला, सातवी ब.
हजर एकोणीस. गणपूर्तीला तीन कमी,
म्हणून नियमाप्रमाणे अर्धा तास तहकूब
आणि नियमाप्रमाणे त्याच जागी, त्याच माणसांनिशी पुन्हा सुरू.
मधल्या वेळात चहा झाला.

मी चिटणीस. अकरा वर्षं एकाच शाईनं लिहितोय:
मागील इतिवृत्त वाचून कायम केले.
सूचक श्री. तळपदे, अनुमोदक श्रीमती मस्कारेन्हस.
कोळसा सहा पोती. सोडणांचे तुकडे. तांब्याची तार.
कालिंपाँगचं पार्सल चार दिवस उशिरा,
चौदा रोपं खोक्यातच कुजलेली,
ती "घट" या सदरात.

घट.
हिशेबातला शब्द, पण हातात घ्यावासा वाटतो,
तळाला भोक असलेला.

खजिनदार बिनविरोध निवडून आले:
कोटणीस तेव्हा पाणी प्यायला बाहेर गेले होते.

हे लिहिलं नाही, की भायखळ्याच्या प्रदर्शनाला जाताना
तळपद्यांनी टॅक्सीत पुढच्या सीटवर व्हँडा बसवला, पट्टा लावून,
आणि स्वतः मागे, गुडघ्यांत खताची बादली धरून.
ड्रायव्हर म्हणाला, कोण आजारी आहे का?
व्हँडा म्हणा की वांदा म्हणा,
परळच्या पुलावर एक कळी गळली
आणि तिसरं बक्षीस उत्तेजनार्थवर आलं.
परीक्षकांनी पाकळ्या फूटपट्टीनं मोजल्या होत्या.

हेही नाही, की जूनच्या आधी पालिकेनं आंब्याच्या फांद्या छाटल्या
तेव्हा मस्कारेन्हसबाई नाइटगाऊनवर ओढणी घेऊन
कचऱ्याच्या ट्रकपुढे उभ्या राहिल्या,
आणि सीतेची वेणी सालीसकट सोडवून आणली.
जिवंत झाडावरची आमरी आपण काढत नाही, हा आमचा नियम क्रमांक चार.
पडलेल्या फांदीबद्दल नियम काही बोलत नाही.

विषय सहावा: श्रद्धांजली.
सातवीच्या बाकांतून मोठी माणसं उभी राहायला वेळ लागतो.
गुडघे अडकतात, बाक करकरतात,
दोन मिनिटांतलं पाऊण त्यातच गेलं.

विजयकरबाई. आजीव सभासद क्रमांक सात.
गोरेगावला दुसऱ्या मजल्यावर, खिडकीच्या जाळीत एक्केचाळीस कुंड्या.
मुलगा चांगला होता. म्हणाला, रविवारपर्यंत न्या,
सोमवारी जाळी कापायला माणूस येतोय.
आम्ही तिच्याच पोळपाटावर चिठ्ठ्या टाकल्या.
कुणाला डेंड्रोबियम, कुणाला ती पांढरी, जिच्यासाठी
कोटणीस वीस वर्षं तिच्याशी गोड बोलत आले.
त्यांना ती मिळाली. त्यांनी ती घेतली
आणि जिन्यात खाली बसले थोडा वेळ.

मला एकोणतीस नंबर.
कौलाचे तुकडे, तीन पानं, एक पान करपलेलं,
आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणाची कापलेली पट्टी.
शाई उन्हात उडते, पेन्सिल टिकते,
हे तिनंच आम्हाला शिकवलं होतं.
पट्टीवर पेन्सिलीनं, चिटणिसाला शोभेल असं:
फुलल्यावर नाव लिहिणे.
तारीख, सतरा वर्षांपूर्वीची.

सतरा वर्षं पाणी घातलं तिनं,
वार्षिक अहवालात कधी एक ओळही मागितली नाही.

सभा पावणेआठला संपली. आभार मी मानले.
माझ्या ग्रिलला पूर्वेचं ऊन दोन तास मिळतं,
समोरचा टॉवर झाला की एकच मिळेल.

गेल्या मंगळवारी खालच्या पानाच्या बगलेत
हिरवं टोक दिसलं, तांदळाच्या दाण्याएवढं.
मूळ की तुरा, मला अजून सांगता येत नाही,
चिटणीस असून.
तळपद्यांना फोन केला. म्हणाले, घाई नको.
खाली वळलं तर मूळ, वर वळलं तर बाई.
मग गप्प झाले. मग म्हणाले, तुरा. तुरा म्हणायचं होतं.

आज सकाळी पेन्सिलीला टोक काढून ठेवलं.
ते अजून आडवं आहे.