जवाचं अरिष्ट

शटर अर्ध्यावर ओढलं.
बाहेर चोपड्याची दुपार, त्रेचाळीस अंश,
रस्त्यावर केळीचा एकच ट्रक, ताडपत्रीखाली गप्प.

प्रणोतीनं चिठ्ठीत लिहिलंय :
फ्रीजमधून काढ, अर्धा तास थांब, मग ओत.
तो तिकडचा अर्धा तास.
इथे मी पेला विसळेपर्यंत
बाटलीला घाम फुटला आणि वाळलाही.

पेला दशमुळं मोजायचाच घेतला, काचेचा, रेघांचा.
आधी रंग बघितला.
तांब्याचा, पण नव्या नव्हे,
चिंचेनं घासून दोन दिवस झालेल्या घंगाळाचा.
वर बोटभर फेस, मळकट सायीसारखा,
बस म्हटलं तरी बसेना.

तेवढ्यात शटरखालून वाकून डोंगरसिंग आला,
पाठीवर धायटीच्या फुलांचं पोतं.
काय गं बाई, दुपारची?
मी पेला त्याच्या नाकाशी धरला.
चाळीस वर्षं मी खऱ्या गुग्गुळातून खोटा निवडते,
पण डोंगरात वाढलेलं नाक पुढे निघालं.
सालई, म्हणाला.
टोचा मारल्यावर दुसऱ्या दिवशी जो चीक येतो, तो.
मग मलाही लागला वास,
आणि चिकाआड पपनसाची साल, नखानं ओरबाडलेली,
आणि सगळ्यांत खाली, पार तळाशी, भिजलेला जव,
श्रावणात कोठीत ओल शिरते तसा.

एक घोट.
जिभेच्या टोकावर काकवी,
गुऱ्हाळाच्या कढईच्या काठाला करपून धरलेली,
लहानपणी उलथन्यानं खरवडून खायचो ती.
मी म्हटलं, पोरीनं गोड केलंय.
म्हणेपर्यंत कडू आलं.

कडू मला शिकवायचं नाही कुणी.
काडेचिराईत तोंडावर सांगून येतं.
कुडा घसा धरतो. गुळवेल रेंगाळते,
पण वाईट मनाची नसते.
हे कडू मागच्या दारानं आलं,
पाटावर बसलं,
आणि जेवण आटोपलं तरी उठेना.
त्याच्या अंगाला फुलांचा वास होता.
कसल्याशा वेलीची फुलं घालतात म्हणे ते,
आपण धायटी घालतो तशी.

मग छातीत ऊब. मिरचीची नव्हे, पिंपळीची,
उशिरा उठणारी.
चिठ्ठीत होतं, अकरा टक्के.
माझ्या कानांना ते आधी कळलं.

डोंगरसिंगनं उंबऱ्यावर दोन थेंब सांडले,
सातपुड्याकडे तोंड करून,
मग उरलेलं एका दमात.
बराच वेळ काही बोलला नाही.
मोहाची नाही ही, म्हणाला. पण रागीट आहे.
कुणी गाळली?
मी म्हटलं, गाळलेली नाही, मुरवलेली आहे.
कुणी, ते मात्र सांगेना मी.

फार्मसी शिकून पोरगी गेली.
तीन वर्षं गल्लीत सांगत आले,
औषधाच्या कारखान्यात आहे, मोठमोठी पिंपं आहेत.
आज पेल्याच्या रेघेवर उरलेला थेंब बघताना वाटलं,
फार खोटं नव्हते बोलत.

दोष आहे एक. गोडी आणि कडू
अजून एकमेकींशी भांडताहेत,
नव्यानं एका घरात आलेल्या जावांसारख्या.
तिलाही ते ठाऊक असणार,
म्हणून तर दुसरी बाटली पाठवलीय,
गळ्यात दोऱ्यानं बांधून : ही ठेव. पाच वर्षं.

ठेवली.
जुन्या गुळाच्या बरणीमागे, जिथे मीच हात घालते.
औषधांवर लिहिते तशी पेन्सिलीनं तारीख घालणार होते.
तारखेऐवजी लिहिलं, आखाजी.
परवाच झाली यंदाची.
गल्लीतल्या सगळ्या पोरी आल्या होत्या माहेरी,
झोक्याचा दोर अजून लिंबाला आहे.

फोन काढला. खरं सांग आई, असं तिनं तीनदा लिहिलेलं.
बटण दाबून एवढंच बोलले :
कडू शे. पन खोटं नई.

डोंगरसिंग म्हणाला, फुलं मोजून घे आता,
काटा तुला एकच दिसतोय तोवर.