तर्वात

कपाटाला कुलूप होतं.
कुलपाची किल्ली हेडसरांच्या खणात,
खणाची किल्ली त्यांच्या करगोट्याला.
पुस्तकं फाटतात हो बाई, ते म्हणायचे.
खरंच होतं. त्या कपाटातलं एकही पुस्तक
अकरा वर्षांत फाटलं नव्हतं.

ते रिटायर झाले त्या जूनमध्ये
मी किल्ली नागमणी म्याकलला देऊन टाकली.
चौथी ब. उंची तिसऱ्या फळीएवढी.
रजिस्टर तिनंच आखलं :
नाव, पुस्तक, नेलं, आणलं,
आणि मी न सांगता पाचवा रकाना,
'रडलं का'.

आधी मीच वाचायची. डबे धुऊन झाले की,
साखर पेठेतले माग खिडकीत खटखटत असताना
आवाज चढवून.
राक्षसाने दार ढकललं, की पुस्तक मिटायची
आणि चष्मा पुसत बसायची.
त्या वर्षी चष्मा फार स्वच्छ राहिला.

मग बोट.
त्यांच्या बोटाशेजारी माझं बोट,
काना, मात्रा, वेलांटी ओलांडत,
जोडाक्षराच्या चढावर दोन्ही बोटं थांबलेली.
नागमणी बघत होती. म्हणाली,
धागा तुटला की पप्पा गाठ मारतात, बाई,
आणि हात काढून घेतात.
हात तिथंच ठेवला तर माग कसा चालंल?

मी बोट उचललं. अवघड गेलं.
गुरुसिद्ध तीन दिवस गप्प होता,
चौथ्या दिवशी त्यानं जे वाचलं ते पुस्तकात नव्हतं :
थंडीत डोक्यावरून घेतलेल्या चादरीत,
आतल्या बाजूनं, उलटं विणलेलं
सोलापूर.

तय्यबनं वर्षभर एकच पुस्तक नेलं,
पाण्याचा पंप कसा चालतो.
नुसती चित्रं बघतो, मी लिहिलं.
लाल शाईनं लिहिलं.
ती वही अजून माझ्याकडे आहे.

दिवाळीनंतर एक पुस्तक आलंच नाही.
तीन आठवडे. रजिस्टरात नाव
खुद्द किल्लीवालीचं.
काय गं?
आईचं व्हायचंय अजून, बाई.
आईला कुठं वाचता येतं?
मी मराठीत वाचते, तेलुगूत सांगते.
ती विड्या वळते. हजार व्हायला रात्र होते.
मी दमून थांबले की
सुपातून मान वर न करता म्हणते,
तर्वात?

तर्वात. मग? पुढं?

पुस्तक आलं तेव्हा त्याला तंबाखूचा वास होता.
सत्तेचाळिसाव्या पानात
तेंदूच्या पानाची कातरलेली पट्टी.
कव्हर फाटलेलं, भाताच्या खळीनं चिकटवलेलं.
माझे प्रश्न तयार होते :
या कथेतून काय बोध मिळाला,
तुला कोणते पात्र आवडले आणि का.
कागद घडी करून पर्समध्ये टाकला.
वीस वर्षं शिकवून मला जो प्रश्न सुचला नाही
तो एका सुपामागून रोज रात्री येत होता
आणि त्याला मार्क नव्हते.

पाचवा रकाना बघितला.
'आई, थोडं.'

हे सगळं जुनं झालं.
परवा घरातले पेपर बांधून
अशोक चौकामागच्या रद्दीवाल्याकडे गेले.
गठ्ठा काट्यावर ठेवला. एप्रिलचं ऊन,
पत्र्याखाली पोत्यांवर रेललेला दाढीवाला तरुण,
हातात पुढची-मागची पानं गेलेलं काहीतरी.
वजन करता का, भाऊ?
थांबा की ओ, तो म्हणाला,
हात वर केला, मान नाही.
एवढं पान.

कानामागच्या डागावरून ओळखलं मी. तय्यब.
चित्रं नव्हती त्या पुस्तकात,
मी वाकून पाहिलं.

माझ्यामागे एक हातगाडी येऊन थांबली,
गाडीवाल्यानं घंटी वाजवली, एकदा, दोनदा.
मी त्याला खुणेनं गप्प केलं.
तय्यबनं पान उलटलं.
पुढचं वाचायला लागला.