अकरा हात

पेन परत आलं खाकी लिफाफ्यातून.
चिठ्ठी नव्हती.
क्लिपेखाली गोंदाचा थर सुटला होता,
नखाने जरा ओढला तर
आख्खी नळीच निघून आली, पारदर्शक,
सापाने टाकलेल्या कातेसारखी,
आणि आतलं लाकूड कोरडं ठाक,
जणू दोघांची कधी ओळखच नव्हती.

जीव्ह्स्टन. जुलै, म्हणजे इथला कडाका.
शेडच्या पत्र्यावर नऊ वाजेपर्यंत दंव.
पेन नेरिडा क्विगलीचं.
फिरती नर्स ती,
ह्यूऑन नदीच्या दोन्ही तीरांवरची म्हातारी माणसं तिच्या वहीत,
आणि तिचे हात
दिवसातून चाळीसदा सॅनिटायझरने धुतलेले.
अशा हातात माझी चकाकी
पाच महिने टिकली.

आठवडाभर मी गोंदाला नावं ठेवली.
बाटली बदलली. थंडीला शिव्या घातल्या.
मग पलीकडच्या एल्ड्रेडला दाखवलं,
तो होड्या बांधायचा, गुडघे जाईपर्यंत.
त्याने लाकूड नाकाशी नेलं.
"तेल," म्हणाला,
आणि माझ्या वाटणीचं बिस्किट खाल्लं.

खरंच की.
जे तेल या पाइनला
नदीच्या तळाशी शंभर वर्षं कुजू देत नाही
तेच गोंदाला थारा देत नाही.
बाहेरच्या कुणाला चिकटून घ्यायची
त्या झाडाला सवयच नाही.

म्हणून आता आधी ॲसिटोन.
चिंधी पिवळी होईस्तोवर पुसायचं,
पुन्हा पुसायचं,
आणि तेल आतून वर यायच्या आत
पहिला हात.
पातळ. इतका पातळ की दिला का नाही शंका यावी.
गोंदाची बाटली सकाळपासून माझ्या खिशात, उबेला.
लेथ फिरतं सावकाश,
टिश्यूची घडी एकदाच जाते, डावीकडून उजवीकडे.
परत फिरायचं नाही.
परत फिरलात की चिकटलात.

लवकर सुकवायचा फवारा मी फेकून दिला.
त्याने दुसरा हात दुधाळ झाला होता,
मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखा.
घाईचा रंग पांढरा असतो, हे तेव्हा कळलं.

तिसरा. चौथा. पाचवा.
वाफेने डोळे झोंबतात,
बायको दारातून विचारते, रडतोयस का,
मी हो म्हणतो, तेवढंच सोपं पडतं.
सहाव्या हातावर माझा अंगठा टेकला
आणि ठसा उमटला, रेघन् रेघ.
क्षणभर वाटलं राहू द्यावा.
चारशेच्या कागदाने घासून काढला.
पेन तिचं आहे.

अकराव्या हातानंतर पाणी, आणि बारीक बारीक कागद,
बारा हजारापर्यंत, जिथे कागद
कागद राहत नाही, नुसती कुजबूज होते.
दोन्ही टोकांनाही गोंद,
कारण ओल चोरासारखी नेहमी टोकाकडूनच शिरते.
मागच्या वेळी तिथेच मी म्हटलं होतं,
कोण बघतंय.

नेरिडा गाडी चालू ठेवूनच आली.
पेन खिडकीच्या उजेडात फिरवलं,
त्यात शेड दिसली, मी दिसलो, लांबुडका.
मग तिने ते हुंगलं.
"वास कुठे गेला?"

मला उत्तर सुचलं नाही.
टिकायचं तर वास आत बंद करावा लागतो, हे
सकाळी आठ वाजता, चालू गाडीशी
कसं सांगणार?
लेथखालून मूठभर कीस उचलला,
ब्रेडच्या कागदी पिशवीत भरला, तिच्या हातात दिला.
तिने पिशवीत नाक घातलं
आणि इंजिन बंद केलं.

आता ती लिहीत असेल कुठेतरी,
रात्री दोन दहा, नाडी ठीक, पाणी दिलं, झोपले.
मी अकरा हात दिले.
बारावा तिचा,
आणि तो रोज बसतोय.