झोपेचा सोलो

अरविंद झोपे. आडनाव झोपे,
आणि अख्ख्या रेल्वे कॉलनीला या माणसानं
वीस वर्षं झोपू दिलं नाही.

आमच्या बँडचं नाव ब्रेकव्हॅन.
मालगाडीचा शेवटचा डबा कोणी बघत नाही,
पण तो दिसल्याशिवाय गाडी पूर्ण आली असं धरत नाहीत.
'लाल सिग्नल', 'दीपनगरची राख', 'सत्तेचाळीस अंश':
गाणी ही तीनच, बाकीची यांची पिल्लं.
ब्याण्णव साली इन्स्टिट्यूटच्या हॉलचे पंखे बंद पडले
तरी पोरं बाकांवरून खाली उतरली नव्हती.

मग झोपेचा डावा कान गेला.
डॉक्टर म्हणाला, गिटार नाहीतर उरलेला कान, एक काहीतरी ठेवा.
त्यानं गिटार खोळीत घातली, चेन लावली
आणि केळीच्या ट्रकांचा हिशेब लिहायला सावद्याला गेला.

सात वर्षांनी आली तस्लीम पिंजारी.
यावलची. मोबाइलचे डिस्प्ले बदलणारी,
बोटांना सोल्डरचा वास.
ड्रमवरचा इंगळे मला डोळ्यांनीच म्हणाला, ही?
मी बेस जुळवत होतो, काही बोललो नाही,
पण माझ्याही पोटात तेच: ही?

तिनं 'लाल सिग्नल' सुरू केलं
आणि ते चुकीचं होतं.
पट्टी दोन घरं खाली.
प्रत्येक सूर शेवटाला लोंबायचा,
दोरीवरच्या ओल्या चादरीसारखा मध्येच ढिला.
झोपे जिथे चौसष्ट स्वर कोंबायचा
तिथे हिचे अकरा. मग गप्प.
इतकी गप्प की ट्यूबलाइटचा चोक ऐकू आला.

थांब, मी म्हटलं, मूळ असं नाही.
काका, ती म्हणाली, माझ्याकडे असंच आहे.

बॅगेतून कॅसेट काढली.
मामाची. काळीपिवळीच्या डॅशबोर्डवर
पंधरा मे महिने भाजलेली,
टेप ताणून ताणून अशी लांबलेली
की आमची चार मिनिटं
तिच्याकडे साडेचार चालायची.
आम्ही ते गाणं रागानं केलं होतं.
उन्हानं ते पुन्हा एकदा केलं
आणि आम्हाला कळवलं नाही.

आणि उजवा हात? इंगळेनं विचारलं. तो कुठला?

आजोबा कापूस पिंजायचे, ती म्हणाली.
टांगलेलं पिंजण, ताणलेली तात, हातात मोगरी.
ठण्ण, आणि कापूस उडून बसेपर्यंत थांबायचं.
ठण्ण, आणि थांबायचं.
घाई केली की गाठी राहतात, म्हणायचे,
माणसाच्या पाठीला रात्रभर टोचतात.

मला आमचं गाणं आठवलं, पहिल्यापासून.
गाठीच गाठी.
त्यांनाच आम्ही ताकद म्हणत होतो.

कार्यक्रमाला झोपे आला.
तिरका बसला, उजवा कान पुढे करून.
पोरं ओरडत होती, जुनं वाजवा, जुनं!
त्यांच्यातली निम्मी तर ब्याण्णवनंतरची.
कोणीतरी बाटली फेकली, माझ्या ॲम्पवर फुटली,
बूट ओला झाला, आणि तस्लीम त्या अकरा स्वरांवर आली.
नवव्याला थांबली.
इथे मी नेहमी धावत घुसायचो.
बोटं उचललीसुद्धा होती.
ठेवली नाहीत.
तिकडे यार्डात मालगाडी सुटताना
डब्याला डबा हिसकत गेला, पार शेवटच्यापर्यंत,
आणि जणू त्याचीच वाट बघत होती अशी ती
दहावा,
अकरावा.

नंतर झोपे मागच्या दारानं आत आला.
तिच्याकडे नाही, तिच्या मनगटाकडे बघत म्हणाला,
पोरी, मले असंच वाजवायचं होतं, असं खोटं नही बोलत.
मले हे सुचलंच नव्हतं.
मग कॅसेट मागून घेतली,
शर्टाच्या खिशात घातली, वरून बटण लावलं.

अजून परत केलेली नाही.