मुकी फळी

रात्री पावणेबाराला ऑर्केस्ट्रा संपला.
ढोलकीचा दणका अजून पत्र्यात अडकलेला
आणि आम्ही चौघं गुडघ्यावर,
ताडपत्रीखालून लाकडी मैदान सोडवायला.
सकाळी आठला मुलींची मॅच. कोल्हापूरच्या आल्यात.

स्टेज सुटतं, नटबोल्ट बादलीत.
खुर्च्या सतराशे, एकात एक, एकात एक.
चेंगरलेला गजरा. डाव्या पायाची चप्पल.
कागदात कडक भाकरीचा चुरा.
आणि कोल्ड्रिंक, बरोबर फ्री थ्रोच्या रेघेवर.
"कुणी सांडलं बे हे?" युसूफ ओरडतो.
हॉल रिकामा. हॉलच उत्तर देतो: हे, हे, हे.

एकवीस वर्षं मी पूर्व भागात माग चालवला.
तेवढ्या खडखडाटात
एक धागा तुटला तर कानाला कळायचं.
माग भंगारात गेले, कान घेऊन मी इथं आलो.
म्हणून ठाऊक आहे:
उत्तरेच्या रिंगखाली, भिंतीपासून अकरावी फळी मुकी आहे.
चेंडू बाकी सगळीकडे टण्ण,
इथं थप्प,
ओल्या चादरीवर पडल्यासारखा.

गड्ड्याच्या दिवसांत कुणा गायकाचा
बासचा खोका तीन रात्री तिथं उभा होता.
इंजिनिअर आले, ठोकून गेले,
रजिस्टरात लिहिलं, दोष आढळला नाही.
मी गप्प बसलो.

एकीलाच कळलं. नरसम्मा गुंडेटीची भार्गवी,
चार नंबरचा शर्ट, उंची पाच फूट एक.
आई विड्या वळते, पोरगी पहाटे साडेपाचला
पत्रा तापायच्या आत येऊन
एकेका फळीवर चेंडू टाकत बसते.
अकरावीवर थांबली. माझ्याकडं बघितलं.
मी झाडूकडं बघितलं.

पहिल्या हाफला कोल्हापूरची उंच पोरगी
वाऱ्यासारखी घुसायची,
चेंडू फळीवर मरायचा,
आणि तिथं आधीच वाकलेली भार्गवी.
लोक म्हणाले, काय हात आहे पोरीचा!

मग बाजू बदलल्या.
हे मात्र आम्ही दोघंही विसरलो होतो.
आता उत्तरेचं रिंग आमचं.
भार्गवी दर वेळी वळसा घालून जायची,
दोन पावलं जास्त,
आणि त्या दोन पावलांत ती उंच पोरगी येऊन उभी.

एका गुणानं हरलो.

सगळे गेल्यावर उंच पोरगी परत आली.
टण्ण, टण्ण, टण्ण,
थप्प.
माझ्याकडं बघितलं.
झाडू युसूफकडं होता. मला बघायला काहीच नव्हतं.

आज रात्री कव्वाली. पुन्हा ताडपत्री, पुन्हा खुर्च्या.
साऊंडवाला घामाघूम होऊन विचारतो,
"मामा, बासचा खोका कुठं टाकू?"

मी त्याला दक्षिणेच्या रिंगखाली नेलं.
भिंतीपासून फळ्या मोजल्या.
दहा. अकरा.
म्हटलं, इथं. आणि तीन रात्री हलवू नका.